चौदा नंबरची प्लेट

गुरुवार, ५ जुलै १९७३ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी धान्य तपासणी प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलावर एक लाकडी पेटी उघडण्यात आली आणि तीत चाळीस ट्यूब निघाल्या. तोंडाला कापसाचे बोळे, आत अगाराच्या, म्हणजे पोषक जेलीच्या, तिरप्या थरावर वाढवलेली बुरशी आणि काचेवर एक ते वीस हे आकडे, असे दोन अगदी सारखे संच होते. नावे कुठेच नव्हती. नावे लिहिणे हेच काम होते.

एक संच आनंदराव मेश्राम यांचा, दुसरा इंदू गजभिये हिचा.

प्रयोगशाळेचे प्रमुख शरच्चंद्र बोधनकर यांनी दोघांना टेबलाच्या दोन बाजूंना उभे केले आणि मुख्यालयाच्या अटी सांगितल्या.

"एकोणीस तारखेला दुपारी चारपर्यंत आपापली वीस नावे माझ्याकडे द्यायची. नमुन्यांविषयी एकमेकांशी चर्चा करायची नाही. ज्याची नावे जास्त बरोबर, त्याची सही यापुढे आपल्या विभागातल्या बुरशीच्या प्रत्येक अहवालावर. गुण सारखे पडले तर ज्येष्ठाला." एवढे सांगून ते आनंदरावांकडे वळले. "मेश्रामजी, तुमच्यासाठी ही निव्वळ औपचारिकता आहे."

आनंदरावांनी मान हलवली. औपचारिकताच असेल तर दुसरा संच कशाला मागवला, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांनी आपल्या ट्यूब एकेक करून खिडकीकडे धरल्या. एकही तडकलेली नव्हती, बोळे घट्ट होते. मग नजर आपोआप टेबलापलीकडे गेली. तिच्या सातव्या ट्यूबमधली वाढ आपल्या सातव्यापेक्षा दाट आहे, असे त्यांना वाटले. तसे काही नव्हते.

आनंदराव चोपन्न वर्षांचे होते. तांत्रिक महाविद्यालयातून तेलबियांची पदविका घेऊन ते या प्रयोगशाळेत लागले, ते वस्तीने बुद्धाचा धम्म स्वीकारला त्याच वर्षी. इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत कोट घालून कचेरीत जाणारे ते पहिले. भुईमुगाच्या पेंडीला आलेली बुरशी पाहता पाहता ते बुरशीचेच झाले. व्यापारी पेंडीचा नमुना घेऊन आला की टेबलावरच्या उघड्या पुडीकडे लांबून पाहूनच ते पुष्कळदा बुरशीची जात सांगत आणि नंतर मायक्रोस्कोपखाली ती तशीच निघे. विभागात कुठेही शंका निघाली की लोक एकच विचारत, मेश्राम काय म्हणतात. परंतु अहवालावर सही प्रमुखांची असे. आजवर तीन प्रमुख बदलून गेले होते. मेश्राम हे नाव कागदावर कुठेच उमटले नव्हते. ते उमटण्याची ही पहिली वेळ होती, आणि नेमक्या त्याच वेळी समोर इंदू होती.

इंदू म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बळीराम गजभियेंची मुलगी. बळीराम कापडगिरणीत होते. पोरगी एम. एस्सी. झाली, तेव्हा जागा निघाल्याचे आनंदरावांनीच त्यांना घरी जाऊन सांगितले होते. सुई ज्योतीवर लाल करून ती निवेपर्यंत कसे थांबायचे, प्लेटचे झाकण एका बाजूने किती उचलायचे, स्लाइडवर थेंब किती मोठा घ्यायचा, हे तिला त्यांनी शिकवले. तोवर सारे ठीक होते. मग कार्यालयाने तिला नऊ महिने दिल्लीला प्रशिक्षणासाठी पाठवले. आनंदरावांना कधी कोणी पाठवले नव्हते. ती परत आली ती पद्धती घेऊन. मायक्रोस्कोपखाली दिसलेले बुरशीचे प्रत्येक डोके ती पेन्सिलीने काढू लागली, प्रत्येक प्लेट दोन आठवडे जिवंत ठेवू लागली आणि बोधनकर चहाच्या वेळी तिच्या टेबलाशी थांबू लागले.

मागच्या बुद्धपौर्णिमेला विहाराच्या ओट्यावर म्हाताऱ्या धोंडबांनी एका पाहुण्याला आनंदरावांची ओळख करून दिली होती. "हे आपले आनंदराव. इंदूच्या हापिसात असतात." धोंडबांच्या मनात काही नव्हते. ते वाक्य आनंदरावांच्या मनातून गेले नाही.

बुरशी ओळखायची ती आधी नुसत्या डोळ्यांनी. कॉलनीचा रंग, ती मखमली आहे की लोकरी, कड कशी आहे, प्लेट उलटी केली तर खालून कशी दिसते, रोज किती पसरते, हे सगळे पाहायचे. त्यानंतर मायक्रोस्कोप. पेनिसिलियमचा दांडा टोकाला कुंचल्यासारखा फाकतो. अ‍ॅस्परजिलसच्या टोकाला फुगीर गोळा असतो आणि त्याच्याभोवती बीजाणूंच्या माळा, त्यामुळे ते डोके झेंडूच्या फुलासारखे दिसते. एवढ्याने कूळ कळते. जात कळायला रंगाची छटा, दांड्याचा खरखरीतपणा आणि बीजाणूंचे कवच पाहावे लागते.

दोघांनी त्याच दुपारी अगार ओतलेल्या वीस-वीस काचेच्या प्लेटांच्या मध्यावर ट्यूबमधल्या बुरशीचा एकेक ठिपका लावला. इन्क्युबेटरचा वरचा कप्पा इंदूला मिळाला, खालचा आनंदरावांना. वरचा कप्पा तिने मागितला नव्हता. बोधनकरांनी हात दाखवून तसे ठरवले होते. वरच्या कप्प्यात ऊब अर्धा अंश जास्त असते, हे आनंदरावांइतके कोणालाच ठाऊक नव्हते आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले नाही. फक्त दर सकाळी वरचा थर्मामीटर आधी पाहिला.

आनंदरावांचा एक शिरस्ता होता. नाव ठरले की प्लेट मारायची. झाकणाच्या आत टिपकागदाची चकती बसवायची, तिच्यावर फॉर्मॅलिनचे थेंब सोडायचे आणि झाकण लावून टाकायचे. बुरशी असेल तिथे, असेल त्या रंगात थांबते. जिवंत बुरशी उडते, शेजारच्या प्लेटमध्ये शिरते, पावसाळ्यात तर भिंतीवरून कपाटात येते. मारलेली गुमान बसते. त्यांच्या कपाटातल्या नमुन्यांत कधी भेसळ झाली नाही, ती या शिरस्त्यामुळे. जुने प्रमुख पाहुण्यांना ते कपाट उघडून दाखवत.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, त्यांनी चौदा नंबर पाहिला. पिवळट हिरवी, मखमली कॉलनी. दांडा खरखरीत, डोके चहूबाजूंनी फाकलेले. स्लाइडवर निळा रंग घालून पाहिली तर सगळेच निळे दिसते, तसे बीजाणूही निळे दिसले. मध्यभागी हिरवा रंग किंचित मळकट वाटला, पण खिडकीबाहेर ढग होते आणि दिवा जुना होता. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, त्यांनी ठरवले. पेंडीत विष करणारी, त्यांची रोजच्या ओळखीची. टिपकागद, फॉर्मॅलिन, झाकण. बुधवारी संध्याकाळी त्यांच्या विसाच्या वीस प्लेटा मेलेल्या होत्या आणि वीस नावे ठरलेली होती.

इंदूने तोवर एकही नाव ठरवले नव्हते. ती मायक्रोस्कोपशी वाकून चित्रे काढत होती, मधेच स्वतःशी काही गुणगुणत होती. आपले काम आधी संपल्याचा आनंद आनंदरावांना व्हायला हवा होता. तिचे संपलेले नाही आणि तिला त्याचे काही वाटतही नाही, हेच त्यांना दिवसभर टोचत राहिले. दुपारी ती समोरच्या बाकावर डबा उघडून बसली, तेव्हा त्यांनी आपला डबा उघडलाच नाही.

शनिवारी संध्याकाळी भीमाबाईंनी तो डबा हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला. हा आठवड्यातला तिसरा.

"काहून जी, आजबी डबा तसाच वापस?"

"भूक नव्हती."

"भूक नव्हती का इंदी समोर बसून जेवून राहिली होती?"

आनंदराव कोट खुंटीला लावत राहिले.

"तुळसाबाई आली होती दुपारी," भीमाबाई म्हणाल्या. तुळसाबाई ही इंदूची आई. "म्हने, दोघायपैकी कोन पास होईल वं? मी म्हनलं, कोनीबी होवो, मान त इंदोऱ्यातच राह्यते."

"दोघं कसे पास होतील? सही एकाचीच राहते."

"मंग होऊ द्या तिची. तुमाले चार वर्षांनं घरीच बसाचं हाय. तिले त अजून लय दिवस काढाचे हायेत."

"म्हणजे तिनंच करावी, असं म्हणणं आहे तुझं."

"माह्यं म्हननं येवढंच हाय, का तिले तुमीच त आनलं. आनलं आन आता तिच्यावरच जळून राहिले." त्यांनी डब्यातली पोळी काढून ताटात वाढली आणि ताट त्यांच्यापुढे सरकवले. "खा आता. ही काई इंदीनं नाई केली."

आनंदराव जेवले. पण 'जळून राहिले' हा शब्द भीमाबाईंनी हसत म्हटला होता आणि तो हसत म्हणण्यासारखा होता, याचाच त्यांना जास्त राग आला.

रविवारी प्रयोगशाळा बंद असे. पावसाळ्यात मात्र वीज जाई, म्हणून दर रविवारी सकाळी इन्क्युबेटर पाहून येण्याचे काम आनंदरावांनी आपणहून घेतले होते आणि किल्ली त्यांच्याकडे असे. पंधरा तारखेलाही ते गेले. अप्रन चढवला, थर्मामीटर पाहिला. अठ्ठावीस. काम झाले होते.

त्यांनी इन्क्युबेटरचे दार लावले नाही.

वरच्या कप्प्यात इंदूच्या प्लेटा पाच-पाचच्या चळतीने ठेवलेल्या होत्या. लाल पेन्सिलीचे आकडे सगळे एका बाजूला. आधी त्यांनी नुसते काचेतून पाहिले. आठ, नऊ, दहा त्यांच्यासारख्याच होत्या. अकराची वाढ चांगली होती. चौदा नंबरशी येऊन ते थांबले.

ती प्लेट तपकिरी होती. पुष्कळ दिवस न घासलेल्या पितळी घागरीसारखी, मध्यावर गडद आणि कडेला तेवढी हिरवट.

त्यांच्या मनात पहिल्यांदा जे आले तो आनंद होता. पोरीने चूक केली. भलत्या ट्यूबमधला ठिपका लावला, किंवा प्लेट बिघडवली. दिल्लीचे नऊ महिने वाया गेले. ते पाहून घ्यायला त्यांनी प्लेट बाहेर काढली, दिव्याखाली नेली आणि झाकण पूर्ण उचलून बाजूला ठेवले. भेसळ असली तर कडेला दुसरी कॉलनी दिसते, वासही वेगळा येतो. त्यांनी वाकून वास घेतला. प्लेट तिरपी करून पाहिली, पुन्हा सरळ केली. भेसळ कुठेच नव्हती. एकच कॉलनी, एकच जात, स्वच्छ. तिच्या मायक्रोस्कोपवर स्लाइड लावलेलीच होती. तीत निळा रंग घातलेला नव्हता. सर्वांत मोठ्या भिंगातून पाहताना गोल बीजाणूंचे कवच जाड आणि काटेरी दिसले, कारल्याच्या सालीसारखे. फ्लेव्हसचे कवच असे नसते.

अ‍ॅस्परजिलस टॅमरी. सुरुवातीला फ्लेव्हससारखीच हिरवी येते, वय झाले की तपकिरी होते. पुस्तकात हे त्यांनी कधीच वाचले होते. पण त्यांच्या कपाटात ती कधी आलीच नव्हती, कारण त्यांच्या कपाटात कोणतीच बुरशी पाच-सहा दिवसांच्या पुढे जगली नव्हती. मागल्या किती टॅमरी आपण हिरव्या असतानाच मारल्या आणि फ्लेव्हस म्हणून ठेवल्या, हा विचार आला तसा त्यांनी तो बाजूला सारला. त्यापेक्षा मोठा विचार समोर होता. हे तिला दिसले होते.

झाकण लावून त्यांनी प्लेट होती तशी, आकडा होता त्याच बाजूला करून ठेवली. मग आपली चौदावी ट्यूब काढली आणि नव्या अगारावर ठिपका लावला. गुरुवारी दुपारी ती चारच दिवसांची असणार होती, हे त्यांना ठिपका लावतानाच माहीत होते.

सोमवार आणि मंगळवार त्यांनी हिशेब करण्यात घालवले. टॅमरी लिहिले तर चौदा नंबर बरोबर. उरलेल्या एकोणिसांविषयी त्यांना शंका नव्हती. म्हणजे वीस. इंदूचेही वीस आले तरी गुण सारखे आणि सही ज्येष्ठाची. ते नाव लिहिण्यात चुकीचे तरी काय होते? ट्यूब त्यांचीही होती, बुरशी तीच होती, त्यांच्या प्लेटमध्येही ती तपकिरीच झाली असती. युक्तिवाद चांगला होता. फक्त तो पुरा होत आला की दर वेळी डोळ्यांपुढे लाल पेन्सिलीतला चौदा येई, आणि तो आकडा त्यांच्या अक्षरातला नसे.

बुधवारी दुपारी इंदू त्यांच्या टेबलाशी आली.

"काका, जरा येता का? माह्याकडे पाहुना आला."

"चर्चा करायची नाही, असं ठरलं आहे."

"नंबरावर चर्चा नाही करायची. पाहुण्यावर साहेबांनी कुठं बंदी घातली?"

ते गेले. चौदा नंबरची प्लेट टेबलावर होती. तपकिरी कॉलनीच्या बाहेर, रिकाम्या राहिलेल्या कडेला एक लहानसा पांढरा गोल उठला होता आणि त्याच्या मध्यावर काळे ठिपके धरू लागले होते.

"कोण आहे?" इंदूने विचारले.

"नायगर. काळी बुरशी. पावसाळ्यात भिंतीवरही असते."

"अन् अप्रनच्या बाहीवरही," ती सहज म्हणाली. "किती भरते, काका?"

आनंदरावांनी खिशातली पट्टी काढून प्लेटखाली धरली. हे त्यांनी सवयीने केले. कोणी मोज म्हटले की ते मोजत.

"बारा मिलिमीटर."

"पहिला दिवस रुजण्यात जातो. मग रोज किती?"

"सहा." हा आकडा त्यांचाच होता. मागल्या पावसाळ्यात त्यांनीच तो या प्रयोगशाळेच्या अगारावर रोज मोजून काढला होता आणि तिला पाठ करायला लावला होता. सहा म्हणून झाल्यावर पुढचा हिशेब त्यांच्या मनात आपोआप झाला. त्यांनी पट्टी उचलली.

"आज बुधवार," इंदू म्हणाली. "मी झाकण काढलं होतं ते शनिवारी. शनिवारचा असता तर अठरा भरला असता."

"वीज गेली असेल मध्ये. गारव्यानं वाढ मंदावते."

"वीज गेली असती तर सोमवारी सकाळी तुम्ही साऱ्या लॅबला सांगितलं असतं."

पलीकडच्या खोलीत कोणी तरी टंकलेखन करत होते. ओळ संपली की घंटी वाजे. इंदू आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तुमाले पाहाचंच होतं त मले सांगाचं होतं. मीच दाखवली असती."

तिने ती खरोखर दाखवली असती, हे आनंदरावांना समजले. त्यांना ते सोसेना. तिने रागावायला हवे होते, बोधनकरांकडे जायला हवे होते. तिने त्यांना प्लेट देऊ केली होती, जशी त्यांनी एके काळी तिला सुई दिली होती, आणि सुई देणारा कोण व घेणारा कोण, हे आता उलटे झाले होते.

"मी तापमान पाहायला दार उघडलं होतं," ते म्हणाले.

इंदूच्या चेहऱ्यावरचे काही तरी मिटले.

"तापमान प्लेटच्या आत नसतं, मेश्राम साहेब."

एवढ्या वर्षांत तिने त्यांना मेश्राम साहेब म्हटले नव्हते. बोधनकरांच्या समोरही ती काकाच म्हणे. तिने बुचे कापायची पितळी नळी ज्योतीवर धरली, निवू दिली, पांढऱ्या गोलाभोवती तीन मिलिमीटर जागा सोडून अगारात दाबली आणि पाहुण्याला चकतीसकट उचलून बाहेर काढले. खळग्यात फॉर्मॅलिनचा एक थेंब सोडला. कॉलनीला धक्काही लागला नाही. तीन मिलिमीटर सोडायचे, हे त्यांनीच शिकवले होते. आपला हात आता इतका स्थिर राहत नाही, हे त्यांनी उभ्या उभ्या पाहिले, आणि आपल्या टेबलाकडे निघून गेले.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःची नवी प्लेट काढली. चौथा दिवस. कॉलनी हिरवी होती, पिवळट हिरवी, मध्यावर किंचित मळकट. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले एवढेच होते. स्लाइडसाठी त्यांनी निळा रंग घेतला नाही आणि बीजाणू पुन्हा पुन्हा पाहिले. कवच खरखरीत वाटे, पुढच्या क्षणी गुळगुळीत वाटे. उजव्या डोळ्यापुढे हल्ली धुरकट येत असे. डावा लावून पाहिला. काटे आहेत असे त्यांना दिसले, पण ते रविवारी पाहिले होते म्हणून दिसले की आज दिसले, हे त्यांना सांगता येईना.

तीन वाजून गेल्यावर ते लिहायला बसले. एक ते तेरा ही नावे त्यांनी वळणदार अक्षरात, न थांबता लिहिली. चौदाशी लेखणी थांबली.

फ्लेव्हस लिहिणे शक्य नव्हते. ते खोटे होते आणि खोटे आहे हे त्यांना माहीत होते. टॅमरी खरे होते. तीन अक्षरे लिहिली की सही हातात होती. उद्यापासून प्रत्येक अहवालाखाली आनंदराव मेश्राम. आणि त्या प्रत्येक सहीच्या वेळी टेबलापलीकडे एक बाई बसलेली असणार होती, जिला ठाऊक होते की विसांतले एक नाव तिच्या प्लेटमधून उचललेले आहे. ती कोणाला सांगणार नाही. कधीच सांगणार नाही. ती नुसती मेश्राम साहेब म्हणेल. आयुष्यभर तिच्या उपकाराखाली सही करायची, यापेक्षा सही तिने केलेली पुरवली. तिच्याकडचे काहीही नको, बरोबर असलेले उत्तरही नको. वरचा कप्पा घे, दिल्ली घे, धोंडबा घे, पण माझ्या कागदावर तुझे एक अक्षर येणार नाही.

त्यांनी चौदासमोरची जागा कोरी सोडली आणि पंधरा लिहिला.

चार वाजायच्या थोडे आधी दोघांनी कागद दिले. बोधनकरांनी उभ्यानेच नजर फिरवली.

"मेश्रामजी, चौदा राहिलं."

"राहिलं नाही साहेब. सोडलं आहे."

"अहो, काही तरी लिहा. अजून पाच मिनिटे आहेत. कोरे ठेवण्यापेक्षा अंदाज बरा."

"अंदाज मी आजवर लिहिला नाही."

"तुमच्या हाती चौदा अडावा, असं होतं तरी काय त्यात?"

"मी पाहायच्या आधी ते माझ्या हातून मेलं," आनंदराव म्हणाले. बोधनकरांना ते कळले नाही. त्यांनी खांदे उडवून कागद पाकिटात घातले.

इंदू दाराशी उभी होती. तिने आनंदरावांकडे पाहिले आणि तोंड उघडले, पण बोधनकर पाकिटाला लाख लावत होते आणि आनंदराव तिच्याकडे पाहत नव्हते. ते जिन्याने उतरून सायकलीचे कुलूप काढू लागले.

निकाल येईपर्यंत ते तिच्याशी कामापुरते बोलले. मन मात्र मोकळे नव्हते. कोऱ्या जागेने त्यांना शांती मिळाली नव्हती, उलट एक नवीन गणित मिळाले होते. आपले एकोणीस. तिची एक चूक झाली तरी गुण सारखे, आणि सारखे म्हणजे आपली सही, तीही कोणाचे काही न घेता मिळालेली. एकच चूक. त्यांनी त्या चुकीची जागाही शोधून ठेवली होती. नऊ नंबर. ते एक अडनिडे पेनिसिलियम होते, कुंचल्याला एक फांदी जास्त, नवशिका तिथे हमखास घसरतो. सायकलीवर जाता-येता, विहारात डोळे मिटून बसल्यावर, भीमाबाई काही सांगत असताना, ते मनातल्या मनात तिच्या हातून नऊ नंबर चुकवत राहिले.

"कोनाशी बोलून राहिले?" भीमाबाई विचारत.

"कोणाशी नाही."

"मंग ओठ काहून हालून राहिले?"

सोमवार, १३ ऑगस्टला मुख्यालयाचे पाकीट आले. बोधनकरांनी सगळ्यांना मधल्या टेबलाशी बोलावले. इंदू पलीकडच्या बाजूला उभी होती, हात अप्रनच्या खिशात घालून. आनंदरावांनी कोटाचे वरचे बटण लावले.

"आधी नऊ नंबर सांगतो," बोधनकर कागदावरून म्हणाले, "कारण मुख्यालयाने त्यावर खास शेरा दिला आहे. कठीण नमुना होता म्हणे. दोघांचेही बरोबर."

आनंदरावांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. इंदूने त्यांच्याकडे पाहिले. या वेळी त्यांनीही पाहिले, आणि ती हसली नाही याबद्दल त्यांना तिचा पुन्हा एकदा हेवा वाटला.

बोधनकरांनी चष्मा सारखा केला आणि खालची ओळ वाचली.

"मेश्राम, एकोणीस. गजभिये, वीस."